सतरा नंबरची बाई

त्या बाईनं माझ्या हातात ट्रे दिला आणि म्हणाली, "आजी, पलीकडच्या रांगेला चहा द्या."

मी दिला.

हे आधीच लिहून टाकते. हे लपवलं तर पुढचं सगळं खोटं होईल. नंदुरबारच्या एका हॉलमध्ये कादंबरीची कार्यशाळा होती. मी तिथं कादंबरी घेऊन गेले होते. नाव नोंदवलं होतं. छातीवर कागदाचा बिल्ला लावला होता, त्यावर सतरा नंबर होता. बिल्ला पदराखाली गेला. ट्रे देणाऱ्या बाईला पदर दिसला, नंबर दिसला नाही. बाई, मीही शिकायला आले आहे, एवढं म्हणता आलं असतं. तोंड उघडलं नाही. हातात भांडं आलं की पुढं न्यायचं, ही सवय माझ्या हाताला तोंडापेक्षा जुनी आहे. दोन रांगांना चहा वाटला. एका माणसानं माझ्याकडं न बघता विचारलं, "बिनसाखरेचा नाही का?" मी आत जाऊन बिनसाखरेचा आणला.

मग ट्रे ठेवून माझ्या खुर्चीवर येऊन बसले. शेजारची बाई दचकली. तिला आधीच शिंका येत होत्या. माझ्या पिशवीत चार वह्या होत्या आणि पिशवी मिरचीच्या पोत्याची शिवलेली होती. धुऊन धुऊन झाली तरी त्या पोत्यातली मिरची जात नाही.

माझं शिक्षण चौथी पास. चाळीसेक हंगाम मी मिरचीच्या पथारीवर बसले. पथारी म्हणजे उघड्या रानात मिरची वाळत टाकतात ती जागा. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल लुगडी पसरल्यासारखं दिसतं, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. आम्ही बाया त्यात बसून देठ खुडतो. बोटं जळतात. जळलेला हात पाण्यात घालायचा नाही, जास्त पेटतो. तेल लावायचं आणि गप्प बसायचं.

गप्प बसवत नाही म्हणून गोष्टी. एकीनं सांगायची, समोरचीनं "हं, हं" म्हणत राहायचं. याला आम्ही हुंकारा म्हणतो. हुंकारा तुटला की सांगणारीनं थांबायचं, अशी रीत आहे. कुणी रागावत नाही. गोष्ट तिथं पडली, असं समजायचं. आणि शेवट आधी विचारायचा नाही. ज्यानं सगळ्या गोष्टीला हुंकारा दिला, शेवट त्याचा.

मी चांगली सांगते. पण माझ्या मनात लिहायचं होतं. नवरा गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा वह्या आणल्या. कादंबरी चंद्री नावाच्या बाईची. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस आलं तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. चंद्रीचा नवरा गुजरातेत ऊस तोडायला गेला आणि आलाच नाही. ती त्याला शोधायला निघते. खापर गावापासून पुढं, गुजरातची हद्द ओलांडून, उसाच्या एका फडावरून दुसऱ्या फडावर.

चार वर्षं लिहीत होते. पहाटे पाणी भरून झालं की चूल पेटवायच्या आधी एक पान.

आता हेमांगीताईचं सांगते. ज्या पथारीवर मी बसायचे तिच्या मालकांची ती धाकटी सून. पुण्याला शिकलेली. शेती, पथारी, दोन मजली घर, ओट्यावर झोपाळा. तिलाही लिहायचं होतं. ती पथारीवर खुर्ची टाकून बसायची आणि आमच्या गोष्टी मोबाईलमध्ये भरायची. आमच्याशी आमच्यासारखंच बोलायची. मी लिहिते हे तिला कळलं तेव्हा ती हसली नाही. तिनंच मला कार्यशाळेचं सांगितलं, माझं नाव तिनंच घातलं. तिच्या बाजूचं जे आहे तेही मी लिहिते. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

ती हॉलमध्ये पहिल्या रांगेत होती. मी चहा घेऊन तिच्यासमोर गेले तेव्हा तिनं कप उचलला आणि शेजारणीशी बोलत राहिली. नंतर म्हणाली की तिचं लक्षच नव्हतं. नसेलही.

मुंबईहून एक एजंट बाई आली होती. एजंट म्हटलं की आमच्याकडं विम्याचा, नाहीतर जमिनीचा. पुस्तकाचाही असतो हे मला तिथं कळलं. लेखकाचं लिखाण तो प्रकाशकाच्या दारात नेतो, सौदा करतो, त्यातला वाटा घेतो. मिरचीचा दलाल हेच करतो. म्हणून मला ते लगेच समजलं. बाकीचे लोक प्रश्न विचारत होते, मी विचारला नाही.

बाईनं चांगलं शिकवलं. गोष्ट जिथं पेटते त्याच्या जवळून सुरू करा. माणसाला काय हवं ते पहिल्या पानांत दिसू द्या. रडली असं लिहू नका, तिनं काय केलं ते लिहा. मी ऐकत होते आणि मला राग येत होता. यातलं अर्धं मला पथारीवर ठाऊक होतं, फक्त त्याला नावं असतात हे ठाऊक नव्हतं. ह्या पोरींनी ती नावं विशीत ऐकली. मी सत्तरीला आले होते. मला त्यांच्या वयाचा हेवा वाटला, त्यांच्या पेनांचा, त्यांच्या चष्म्यांचा. एकीनं वहीत पाण्यासारखं भराभरा लिहून घेतलं, तिच्या मनगटाचासुद्धा वाटला.

दुपारी प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं होती. एजंट बाईसमोर बसून आपली कादंबरी सांगायची, बाकीच्यांनी ऐकायचं. हेमांगीताईचा नंबर नववा. ती उठली आणि तिची भाषा बदलली. पथारीवरची भाषा तिनं चपलेसारखी दाराबाहेर ठेवली होती. तीन वाक्यांत तिनं आपली कादंबरी सांगितली. मोठ्या घरातली सून, लिहायला जागा शोधणारी. एजंट बाई पुढं झुकली. ती चांगलं बोलली म्हणून मी जळले. वाईट बोलली असती तर मी तिला मनातल्या मनात माफ केलं असतं.

माझा नंबर आला. मी चंद्रीचं सांगायला लागले. बाईनं विचारलं, ही चंद्री म्हणजे तुम्हीच का. आधीच्या सोळा जणांत कुणालाही तिनं हे विचारलं नव्हतं. तेव्हा मला हे सुचलं नाही, घरी सुचलं. मग तिनं विचारलं, शेवट काय होतो?

मी म्हटलं, "शेवट असा सांगत नाहीत. आधी हुंकारा द्या."

हॉल हसला. हसण्यात काटा नव्हता. लहान पोर बोललं की हसतात तसं हसले. तेच जास्त लागलं.

बाईनं माझी वही उघडली. दोन पानं चाळली. माझं अक्षर मोठं, ओळीच्या खाली उतरणारं. वही मिटून ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, तुमच्याकडं गोष्ट आहे, लिखाण नाही. तुम्ही सांगा, ह्या ताई लिहितील. पुस्तकात तुमचंही नाव येईल."

"कुठं?" मी विचारलं.

"ऋणनिर्देशात."

हेमांगीताई माझ्याजवळ आली, वहीवर हात ठेवला आणि हळूच आमच्या भाषेत म्हणाली, "माय, तू सांग. मी लिखस."

मी मान हलवली. हो म्हटलं. दिवसभरात दुसऱ्यांदा माझ्या हातात ट्रे आला आणि मी तो घेतला.

ऋणनिर्देश कुठं असतो ते मी नंतर तालुक्याच्या वाचनालयात जाऊन बघितलं. पहिल्या पानांत असतो. त्यात छापखान्याचे आभार असतात, शुद्धलेखन तपासणाऱ्याचे असतात, घरच्यांनी वेळ दिला म्हणून त्यांचे असतात. एका पुस्तकात मांजराचेही होते.

थंडीभर मी हेमांगीताईच्या ओट्यावर गेले. ती झोपाळ्यावर, मांडीवर लॅपटॉप. मी खाली, पोत्यावर. पोतं मीच टाकायचे, तिनं सांगितलं नव्हतं. मी वहीतलं वाचायचे, मध्ये आठवलं तर जास्तीचं सांगायचे, ती "हं" म्हणत टाईप करायची. वह्या तिच्याकडंच राहायच्या, नेआण कशाला म्हणून. तिच्या घरात दुपारी तीन तास कुणी तिला हाक मारत नव्हतं. तीन तास. मला आयुष्यात सलग तीन तास फक्त बाळंतपणात मिळाले.

एक दिवस तिनं लिहिलेलं पहिलं प्रकरण मला वाचून दाखवलं. या वेळी हुंकारा मी द्यायचा होता.

माझी कादंबरी चंद्रीच्या आज्यापासून सुरू होत होती. आजा कुठून आला, त्यानं झोपडी कुठं घातली, त्याचा बैल कसा मेला. बारा पानं. हेमांगीताईनं आजा काढून टाकला. तिनं सुरुवात फडावर केली. चंद्री अनोळखी फडावर उभी आहे, हातात कोयता नाही, आणि मुकादम विचारतो, तुझा जोडीदार कुठं आहे. बस. तिथून सुरू.

माझा हुंकारा आपोआप निघाला. खरा. दोनदा तर आधीच निघाला. मला तिचं तोंड बघवेना. माझ्या चार वर्षांत मला जे दिसलं नाही ते हिला आठ दिवसांत दिसलं. माझ्याच चंद्रीला हिनं माझ्यापेक्षा चांगलं उभं केलं. घरी आले, पाटा घेतला आणि गरज नसताना मसाला वाटला. इतका बारीक कधी वाटला नव्हता.

लोक म्हणतात म्हातारपणी हेवेदावे सुटतात. माझे सुटले नाहीत. नवरा दुसऱ्या बाईकडं बघायचा तेव्हा मी एवढी जळले नव्हते, जेवढी त्या पहिल्या पानावर जळले.

पण जळताना डोकं चालत होतं. दुसऱ्या प्रकरणात चंद्री रडली. तिसऱ्यात रडली. चौथ्यात मुकादमाच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. माझ्या वह्यांत चंद्री एकदाही रडत नाही. ती भाकरी मोजते, वाट विचारते, पायातला काटा काढते. कार्यशाळेत एजंट बाईनं हेच तर सांगितलं होतं. हेमांगीताईनं ते लिहून घेतलं होतं. मी नुसतं ऐकलं होतं.

होळी जवळ आली. डोंगरातल्या बाया काठी गावच्या होळीला जायच्या तयारीला लागल्या, पथारी अर्धी झाली. एजंट बाईचा निरोप आला की कादंबरीचा सारांश पाठवा, एका पानात, शेवटासकट. आम्ही शेवटावर आलो होतो. सगळी गोष्ट क्रमानं झाली होती, हेमांगीताईनं सगळ्याला हुंकारा दिला होता. शेवटावर तिचा हक्क झाला होता. म्हणून मी वही न उघडता सांगायला लागले.

चंद्रीला नवरा सापडतो. तो दुसऱ्या बाईबरोबर कोयता धरून असतो, झोपडी आहे, पोर आहे. चंद्री भांडत नाही. ती त्याला म्हणते, माझा कोयता दे. त्याच्या कमरेला असतो तो तिच्या बापानं दिलेला. तो देतो. ती पहिल्या फडावरच्या मुकादमाकडं परत जाते, तो हजेरीची वही उघडून बसलेला, आणि म्हणते, लिही. मुकादम म्हणतो, अर्धा कोयता. ती म्हणते...

इथं हुंकारा तुटला.

मी वर बघितलं. हेमांगीताई मोबाईल बघत होती. बोट वरखाली. मी थांबले. बराच वेळ तिला मी थांबले हे कळलं नाही. झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती.

"पुढे काय व्हयनं?" तिनं विचारलं.

तिला वाटलं मी विसरले. ती समजुतीनं म्हणाली की तसंही हा शेवट जड होतो. बाई एकटी राहिली तर वाचणाऱ्याला बरं वाटत नाही. नवरा पस्तावतो, तिच्या मागं येतो, दोघं मिळून कोयता धरतात, असं करू. एजंट बाईलाही ते आवडेल. सारांशात तसं लिहून पाठवते.

मी उठले. गुडघे दुखतात, म्हणून झोपाळ्याच्या कडीला धरून उठले. झोपाळा थांबला.

"मन्ह्या वह्या दे," मी म्हटलं.

ती म्हणाली, माय, काय झालं, तू रागावलीस का, शेवट तुझाच ठेवू. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिच्यासाठी इतके महिने सांगणारी होते. सांगणारी रागावते, मग तिला चहा द्यायचा, मग ती पुन्हा सांगते.

मी म्हटलं, "मी सांगनारी नही, ताई. मी लिखनारी शे."

ती आत गेली. वह्या घेऊन आली. देताना आमची भाषा सोडून म्हणाली, "तुझ्याकडून होणार नाही गं. मी तुझ्यासाठीच करत होते."

तिची चार प्रकरणं तिच्या लॅपटॉपात राहिली. ती तिनं पुढं वापरली नाहीत. तेवढी ती सरळ आहे. पुढच्या हंगामात तिच्या पथारीवरून मला बोलावणं आलं नाही. मी दुसऱ्या पथारीवर गेले. मिरची सगळीकडं सारखीच जळते.

तिथं मी दुपारच्या सुट्टीत वहीतलं वाचायला लागले. नवीन नियम केला. हुंकारा तुटला की तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. बाजूला बसणारी एक बाई तोंडाची फटकळ. आज्याची बारा पानं मी हट्टानं पुन्हा वाचली, कारण हेमांगीताईनं काढली म्हणून मी काढावी, हे मला पटत नव्हतं. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "आते कटाळा उना व माय, तुन्हा आजा मरस का नही?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आजा त्याच दुपारी गेला. हेमांगीताई बरोबर होती. हे मान्य करायला मला आजही दात आवळावे लागतात. पण तिची फडावरची सुरुवात मी घेतली नाही, ती तिची. मी माझी शोधली. चंद्री नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची पिशवी शिवते आहे, निघायच्या तयारीत. चंद्रीला काय हवं ते त्या पिशवीत दिसतं.

डोंगरातल्या बायांचा हुंकारा मिळवणं सगळ्यात कठीण. त्यांची बोली वेगळी, आमची अर्धीच समजते. अर्धं समजूनही जिथं त्या "हं" म्हणाल्या, ते वाक्य मी ठेवलं. जिथं फक्त आमच्या बाया म्हणाल्या, ते पुन्हा लिहिलं. चार वह्यांच्या अडीच झाल्या.

मग सारांश. हुंकारा न देणाऱ्याला शेवट सांगायचा नाही, ही रीत मी आयुष्यभर पाळली. पण एजंट बाई गोष्ट ऐकायला बसलेली नसते. ती व्यापारी आहे. मिरचीचा व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळाची मिरची काढतो, मोडून बघतो, ओली आहे का. वरच्या मिरचीवर कुणी भाव देत नाही. चूक माझी होती. रीत पथारीवर ठीक आहे, बाजारात तळ दाखवावा लागतो. मी एका पानात तळापर्यंत लिहिलं.

टाईप करायला कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्या भाऊकडं गेले. त्याला दाखल्यांच्या अर्जांची सवय. त्यानं वर घातलं, "विषय: कादंबरी मिळणेबाबत विनंती अर्ज." खाली घातलं, "तरी कृपा व्हावी." मी म्हटलं भाऊ, ते काढ. तो म्हणाला, माय, कृपेशिवाय अर्ज पास होत नाही. मी म्हटलं, मी काही मागत नाही, दाखवते आहे. त्यानं काढलं. पण मनापासून नाही.

पहिल्या एजंटानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं की सध्या आमच्या यादीत जागा नाही. तिसऱ्यानं दहा पानं मागवली, मी पाठवली, मग लिहिलं की भाषा ओबडधोबड आहे. मी ती दहा पानं पथारीवर पुन्हा वाचली. दोन ठिकाणी त्याचं खरं होतं, तिथं दुरुस्त केलं. बाकीचं त्याचं खरं नव्हतं, ते तसंच ठेवलं.

दिवाळीच्या आधी हेमांगीताईचा फोटो वर्तमानपत्रात आला. मोठ्या घरातल्या सुनेची कादंबरी, एका मोठ्या प्रकाशकानं घेतली. त्याच एजंट बाईनं मिळवून दिली. फोटोत ती झोपाळ्यावर बसली आहे. मी फोटो पुष्कळ वेळ बघितला. तिच्या पायांशी जिथं मी पोतं टाकून बसायचे ती जागा फोटोत आली आहे. झाडून स्वच्छ केली आहे.

मी तो कागद फाडला नाही. चुलीतही घातला नाही. घडी करून वहीत ठेवला. पहाटे लिहायचा कंटाळा आला की उघडते. दुसऱ्या कुणाला देवाचा फोटो लागत असेल, मला हा पुरतो. तिचं भलं होवो असं मी म्हणणार नाही. वाईट होवो असंही म्हणणार नाही. मला तिला मिळालं ते हवं आहे, एवढंच आहे. आणि माझं नाव मला मुखपृष्ठावर हवं आहे.

कार्यशाळा पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. तीच एजंट बाई येणार आहे. हेमांगीताई या वेळी स्टेजवर असेल, हार घालून. माझं नाव मी स्वतः जाऊन नोंदवलं. नोंदवणाऱ्यानं विचारलं, आजी, कुणासाठी? मी म्हटलं, लिही.

या वेळी बिल्ला पदराच्या वर लावीन. तिसऱ्या रांगेत बसेन. पिशवी तीच असेल, ज्याला शिंका येतील त्यानं उठून जावं. चहा आला तर पिईन. ट्रे आला तर शेजारच्याच्या मांडीवर ठेवीन. माझा नंबर आला की उठेन, आणि चंद्रीचं सांगेन, पहिल्यापासून, न थांबता, कुणी हुंकारा देवो न देवो. मुकादम म्हणतो, अर्धा कोयता. चंद्री त्याच्या हातातलं पेन घेते, वहीत स्वतःचं नाव लिहिते आणि पुढं लिहिते, एक.